प्राणिप्लवकांचे अन्नग्रहण आणि पाण्याची स्थिती

प्राणिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, प्रवाहाविरुद्ध जोराने पोहू न शकणारे सूक्ष्म प्राणी. गोड्या पाण्यात त्यांचे चार मुख्य गट आढळतात : आदिजीव, चक्रधारी (रोटिफर), जलपिसवा (क्लॅडोसेरा) आणि अरित्रपाद (कोपेपॉड). हे प्राणी शैवल, जीवाणू आणि सेंद्रिय कण खातात व स्वतः माशांच्या पिलांचे अन्न होतात. त्यांना किती व कोणते अन्न मिळते हे केवळ पाण्यातील अन्नाच्या प्रमाणावर ठरत नाही. पाण्याचे तापमान, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन, सामू, क्षारता आणि प्रवाह यांवरही ते अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्या, त्यांवरील धरणे व बंधारे, जुने तलाव, शेततळी आणि उजनी धरणाचा फुगवटा अशी निरनिराळ्या स्थितीतील पाणी थोड्या अंतरात आढळतात. त्यामुळे हा संबंध समजून घेण्यासाठी हा प्रदेश उपयुक्त ठरतो.

परिसर

शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथे पाऊस कमी पडतो, परंतु नद्यांमधील बरेचसे पाणी सह्याद्रीतील जास्त पावसाच्या भागातून येते. घोड नदी आंबेगाव तालुक्यातून डिंभे धरणामार्गे शिरूरकडे येते. शिरूर शहराला घोडनदी हे नाव याच नदीवरून पडले. कुकडी ही घोड नदीची उपनदी असून टाकळी हाजी (ता. शिरूर) आणि निघोज (ता. पारनेर) यांच्यामधील तिच्या पात्रात बेसाल्ट खडक झिजून तयार झालेले प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. शिरूर तालुक्यातील चिंचणी येथे घोड धरण आहे.

भीमा नदी दोन्ही तालुक्यांच्या सीमेवरून वाहते. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांतून आलेली मुळा-मुठा नदी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्यापुढे दौंड शहरावरून भीमा उजनी धरणाच्या जलाशयाकडे जाते. सोलापूर जिल्ह्यातील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा यशवंतसागर हा जलाशय भरल्यावर पाण्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यातील भिगवण परिसर ओलांडून दौंड तालुक्याच्या पूर्व भागापर्यंत पोहोचतो. याशिवाय दौंड तालुक्यात खडकवासला कालव्याच्या पाण्यावर भरणारे वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव आणि माटोबा तलाव हे जुने तलाव आहेत. नदीपात्रांत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत.

वाहत्या नदीत प्राणिप्लवकांची संख्या सहसा कमी राहते, कारण वाढ होण्याआधीच ते खाली वाहून जातात. बंधारे, धरणे आणि तलाव यांमुळे पाणी थांबते व प्लवकांना पिढ्या वाढवण्यास अवधी मिळतो. या परिसरातील नदी वर्षातील बराच काळ बंधाऱ्यांमागच्या तळ्यांच्या साखळीसारखी असते. म्हणून येथील नदीतही तलावांतील प्लवकांसारखे प्लवक वाढण्यास वाव मिळतो.

अन्नग्रहणाच्या पद्धती

पाण्याच्या स्थितीचा परिणाम सर्व प्राणिप्लवकांवर सारखा होत नाही, कारण त्यांच्या खाण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत.

चक्रधारी : ब्रॅकिओनससारख्या चक्रधारींच्या डोक्यावर केसलांचे वलय असते. केसलांच्या हालचालीने भोवरा निर्माण होतो व कण तोंडाकडे ओढले जातात. साधारणपणे काही मायक्रोमीटर ते सुमारे २० मायक्रोमीटर आकाराचे कण त्यांना खाता येतात. ॲस्प्लँक्ना हा मोठा चक्रधारी मात्र शिकारी असून तो इतर चक्रधारींना गिळतो.

जलपिसवा : डॅफ्निया, मोइना, सेरिओडॅफ्निया यांसारख्या जलपिसवा कवचाच्या आत असलेले पाय मिनिटाला शेकडो वेळा हलवतात. पायांवरील बारीक तंतूंची जाळी पाण्यातील कण अडवते. तंतूंमधील अंतर एक मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असल्याने काही जातींना जीवाणूही गाळता येतात. प्राण्याचे शरीर जितके मोठे, तितका मोठा कण त्याला गिळता येतो. ही पद्धत वेगवान असली तरी फारशी निवडक नाही. जाळीत जे अडकते ते बहुतेक सर्व तोंडाकडे जाते. नको असलेला घास पोटाच्या मागील टोकावरील नखरांनी बाहेर फेकता येतो, पण त्याबरोबर चांगले अन्नही वाया जाते.

अरित्रपाद : डायाप्टोमस गटातील अरित्रपाद मुखांगांनी पाण्याचा प्रवाह तयार करतात आणि येणारा कण चव व वास यांवरून निवडतात. सायक्लॉप्स गटातील प्राणी पाणी न गाळता भक्ष्य पकडतात. ते मोठी शैवले, चक्रधारी, लहान अळ्या आणि कधी स्वतःच्याच जातीची पिले खातात.

इतक्या लहान आकाराच्या प्राण्यांसाठी पाण्याची श्यानता म्हणजे घट्टपणा महत्त्वाचा असतो. त्यांच्या हालचाली थांबताच शरीराची गती जवळजवळ लगेच थांबते आणि भोवतालचे पाणी पायांना चिकटून राहते. त्यामुळे अन्न मिळवण्यासाठी पाणी सतत हलवत राहावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते.

अन्नाची घनता आणि गाळणदर

एक प्राणी ठरावीक वेळात जेवढ्या पाण्यातील सर्व कण काढून घेतो, त्या आकारमानाला त्याचा गाळणदर म्हणतात. तेवढ्याच वेळात पोटात गेलेल्या अन्नाला अन्नग्रहणदर म्हणतात. या दोहोंत फरक आहे. अन्न विरळ असताना जलपिसू जास्तीत जास्त वेगाने पाणी गाळते आणि तिचा अन्नग्रहणदर पाण्यातील अन्नाच्या प्रमाणात वाढतो. एका मर्यादेनंतर पोट भरण्याचा व पचनाचा वेग आड येतो. मग अन्न कितीही वाढले तरी अन्नग्रहणदर स्थिर राहतो आणि गाळणदर कमी होत जातो. म्हणून हिरवेगार पाणी म्हणजे भरपूर खाणारे प्लवक, असा निष्कर्ष थेट काढता येत नाही.

पाण्यातील घटकांचा परिणाम

तापमान

तापमान वाढले की शरीरक्रिया वेगवान होतात आणि पाणी पातळ होते. पाण्याची श्यानता १० अंश सेल्सिअसला असते त्यापेक्षा ३० अंशांना सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे त्याच श्रमात अधिक पाणी हलवता येते. परंतु हा लाभ मर्यादित असतो. डॅफ्नियाच्या अनेक जातींचा गाळणदर २० ते २५ अंशांच्या आसपास सर्वाधिक होऊन पुढे घटतो, तर श्वसनाचा खर्च वाढतच राहतो. खाल्लेल्या अन्नातून श्वसनाचा खर्च वजा जाता वाढीसाठी उरणारा भाग कडक उन्हाळ्यात अपुरा पडू शकतो. मोइना, डायाफॅनोसोमा आणि लहान चक्रधारी उष्ण पाण्यात तुलनेने चांगले टिकतात.

गढूळपणा

दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत अतिसूक्ष्म चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पावसाळ्यात ही माती ओढ्या-नाल्यांतून नदीत येते. चिकणमातीचे कण दोन मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात आणि फार सावकाश खाली बसतात. एक मायक्रोमीटर व्यासाचा सुटा कण स्थिर पाण्यातही दिवसभरात साधारण सात ते आठ सेंटिमीटरच खाली जातो. त्यामुळे पूर ओसरल्यावरही तलावाचे पाणी बरेच दिवस गढूळ राहते.

मातीचे हे कण जलपिसवांच्या अन्नकणांच्याच आकाराचे असतात. जाळीत अडकून ते पोटात जातात व जागा व्यापतात, परंतु त्यांतून पोषण मिळत नाही. शैवलाची संख्या तितकीच असली तरी प्रत्येक घासात माती जास्त आणि अन्न कमी होते. चक्रधारींवर हा परिणाम तुलनेने कमी दिसतो. चव घेऊन कण निवडणारे अरित्रपादही माती टाळू शकतात. म्हणून गढूळ पाण्यात मोठ्या जलपिसवा मागे पडतात आणि एरवी त्यांच्याशी स्पर्धेत हरणाऱ्या चक्रधारींना संधी मिळते. गढूळपणाचा आणखी एक परिणाम अप्रत्यक्ष आहे. प्रकाश खोलवर न गेल्याने शैवलाची वाढ मंदावते आणि अन्नाचा पुरवठाच घटतो. मात्र गढूळ पाण्यात नजरेने शिकार करणाऱ्या माशांना भक्ष्य शोधणे अवघड जाते, त्यामुळे प्लवकांना काही प्रमाणात संरक्षणही मिळते.

सुपोषण आणि नील-हरित शैवल

शहरांतील सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते यांमुळे पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस वाढतात. या प्रक्रियेला सुपोषण म्हणतात. मध्यम प्रमाणात पोषकद्रव्ये वाढली की लहान हिरवी शैवले व डायाटम वाढतात आणि प्राणिप्लवकांना चांगले अन्न मिळते. ती फार वाढली, पाणी उबदार झाले आणि प्रवाह थांबला की मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवलांचे प्राबल्य होते आणि पाण्यावर हिरवा तवंग दिसू लागतो.

हे अन्न विपुल असले तरी निकृष्ट असते. मायक्रोसिस्टिसच्या चिकट वसाहती अनेकदा जलपिसूच्या तोंडापेक्षा मोठ्या असतात. तंतुमय जाती जाळीत गुंततात आणि जलपिसूला वारंवार घास फेकून द्यावा लागतो. नील-हरित शैवलांत प्राण्यांच्या वाढीस आवश्यक असलेली स्टेरॉले जवळजवळ नसतात व काही महत्त्वाची मेदाम्लेही अपुरी असतात. काही वाण मायक्रोसिस्टिनसारखी विषेही तयार करतात. परिणामी, अन्नाने भरलेल्या पाण्यात मोठ्या जलपिसवा उपाशी राहू शकतात. अशा पाण्यात जीवाणू व सूक्ष्म सेंद्रिय कणांवर जगणारे ब्रॅकिओनस आणि मोइना वाढतात. ब्रॅकिओनसच्या अनेक जाती म्हणूनच सुपोषित पाण्याच्या निदर्शक मानल्या जातात.

विरघळलेला ऑक्सिजन

समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाखाली २० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. म्हणजे प्राण्याची गरज वाढते त्याच वेळी पाण्याची क्षमता घटते. शैवलाने भरलेल्या पाण्यात दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर असतो, पण रात्री सर्व जीव तो वापरत असल्याने पहाटे तो सर्वांत कमी होतो. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजत असल्यास ही घट अधिक तीव्र होते.

डॅफ्नियाच्या काही जातींवरील प्रयोगांत ऑक्सिजन लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर गाळणदर ठळकपणे कमी झालेला आढळतो. दीर्घकाळ कमी ऑक्सिजनमध्ये राहिलेल्या डॅफ्निया व मोइना शरीरात हीमोग्लोबिन वाढवतात आणि त्यांचा रंग लालसर दिसू लागतो. त्यामुळे त्या कमी ऑक्सिजनमध्येही काही प्रमाणात पाणी गाळू शकतात.

सामू, अमोनिया आणि क्षारता

प्रकाशसंश्लेषणात पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वापरला जातो आणि पाणी अल्कधर्मी होते. घनदाट शैवल असलेल्या पाण्याचा सामू दुपारी ९ च्याही पुढे जाऊ शकतो. सांडपाण्यातील अमोनियम स्वतः फारसे विषारी नसते, परंतु सामू वाढला की त्याचे रूपांतर विषारी अमोनियात होते. २५ अंश तापमानाला सामू सुमारे ९.२५ असताना त्याचा निम्मा भाग अमोनियाच्या रूपात असतो. म्हणजे सांडपाणी आणि शैवल एकत्र आले की, सकाळी निरुपद्रवी असलेले पाणी दुपारी प्राणिप्लवकांना घातक होऊ शकते.

उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे तलाव व शेततळ्यांतील क्षार वाढतात. बहुतेक जलपिसवा क्षारतेला संवेदनशील असतात. क्षारांचा समतोल राखण्यात ऊर्जा खर्च झाल्याने त्यांचे खाणे व प्रजनन घटते.

प्रवाह आणि खळबळ

हलकी खळबळ कण व प्राणी यांची गाठ अधिक वेळा घालून देते आणि अन्न मिळण्यास मदत करते. जोराचा प्रवाह मात्र अरित्रपादांनी तयार केलेला अन्नप्रवाह मोडतो आणि प्लवकांना वाहून नेतो. धरणातून आवर्तन सोडल्यावर किंवा बंधाऱ्याचे बर्गे काढल्यावर खालच्या पात्रातील प्लवकांची रचना काही दिवसांतच बदलू शकते.

जलपर्णी

मुळा-मुठा व भीमेच्या पात्रात संथ पाण्यावर जलपर्णी पसरते. तिच्या सावलीमुळे खालचे शैवल घटते, हवा व पाणी यांच्यातील वायूंची देवाणघेवाण कमी होते आणि मोकळ्या पाण्यातील गाळणाऱ्या जातींची उपासमार होते. त्याच वेळी तिच्या मुळांच्या झुबक्यांवर जीवाणू, शैवल व सेंद्रिय कणांचा थर साचतो. हा थर खरवडून खाणाऱ्या कायडोरिडी कुलातील जलपिसवा तेथे वाढतात.

माशांची उपस्थिती

पाण्यातील माशांच्या शरीरातून येणारी रसायने डॅफ्नियाला ओळखता येतात. ती जाणवल्यावर अनेक जाती दिवसा खोल, अंधाऱ्या थरात जातात आणि रात्री वर येऊन खातात. खालच्या थरात पाणी थंड व अन्न कमी असल्याने सुरक्षिततेची किंमत वाढीतून द्यावी लागते. उथळ तलावात खाली जाण्यास जागा नसते. तेथे चिलापी, कटला यांसारखे मासे व माशांची पिले मोठे प्लवक खातात आणि लहान जाती उरतात. लहान जातींची पाणी गाळण्याची एकूण क्षमता कमी असल्याने शैवलावरील नियंत्रणही सैल होते.

ऋतुमान

पावसाळ्यात (जून ते सप्टेंबर) पुराने नदीतील प्लवक वाहून जातात व गढूळपणामुळे अन्नग्रहण मंदावते. याच काळात कोरडी पडलेली डबकी, पाझर तलाव आणि खडकातील खळगे भरतात. चिखलात सुप्त राहिलेली जलपिसवांची व चक्रधारींची टिकाऊ अंडी ओलावा मिळताच उबतात. पहिल्या काही दिवसांत अशा ताज्या पाण्यात मासे नसतात आणि जीवाणू मुबलक असतात, त्यामुळे वाढ झपाट्याने होते.

हिवाळ्यात (ऑक्टोबर ते फेब्रुवारी) गाळ बसतो, पाणी नितळ व थंड होते, ऑक्सिजन पुरेसा असतो आणि डायाटम व हिरवी शैवले उपलब्ध असतात. मोठ्या जलपिसवांसाठी हा सर्वांत अनुकूल काळ होय.

उन्हाळ्यात (मार्च ते मे) पाणी आटते, तापते आणि त्यातील पोषकद्रव्ये व क्षार संहत होतात. नील-हरित शैवल वाढते व पहाटेचा ऑक्सिजन घटतो. लहान चक्रधारी, मोइना व सायक्लॉप्स यांचे प्रमाण वाढते. पाणी आटू लागल्यावर अनेक जाती पुन्हा टिकाऊ अंडी घालतात.

मापनाच्या पद्धती

प्राणिप्लवक बारीक नायलॉनच्या जाळीने गोळा करतात. पाण्याची पारदर्शकता काळी-पांढरी सेकी तबकडी पाण्यात सोडून मोजतात. ती जेथे दिसेनाशी होते ती खोली नोंदवली जाते.

गाळणदर मोजण्यासाठी ठरावीक पाण्यात ज्ञात संख्येचे प्राणी व शैवल ठेवून, सुरुवातीची व शेवटची शैवलपेशींची घनता मोजतात. प्रत्येक प्राण्याच्या वाट्याचे पाणी, दोन्ही घनतांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम आणि लागलेला वेळ यांवरून दर काढतात. उदाहरणार्थ, १०० मिलिलिटर पाण्यात २० डॅफ्निया ठेवल्यास प्रत्येकीच्या वाट्याला ५ मिलिलिटर पाणी येते. तीन तासांत पेशींची घनता निम्मी झाली, तर २ चा नैसर्गिक लॉगॅरिथम ०.६९३ असल्याने गाळणदर ५ × ०.६९३ ÷ ३, म्हणजे प्रत्येक प्राण्यामागे ताशी सुमारे १.१६ मिलिलिटर येतो. शैवल स्वतःही वाढते किंवा तळाशी बसते, म्हणून प्राणी नसलेली तशीच बाटली तुलनेसाठी ठेवणे आवश्यक असते.

विषारी द्रव्यांमुळे प्राणी मरण्याच्या बऱ्याच आधी त्याचे खाणे कमी होते. त्यामुळे डॅफ्नियाचा अन्नग्रहणदर हा पाण्यातील कीटकनाशके व जड धातूंचा संवेदनशील निर्देशक मानला जातो.

मानवी जीवनाशी संबंध

मत्स्यव्यवसाय : उजनीच्या फुगवट्यावर अनेक मच्छीमार कुटुंबांची उपजीविका अवलंबून आहे. बहुतेक माशांची पिले पहिल्या दिवसांत प्राणिप्लवकांवर जगतात, तर कटला मोठा झाल्यावरही प्रामुख्याने प्लवकच खातो. शैवलातील ऊर्जा माशांपर्यंत पोहोचण्याचा मधला दुवा प्राणिप्लवकच आहेत. त्यांना शैवल खाता आले नाही, तर ते मरून तळाशी कुजते, ऑक्सिजन घटतो आणि माशांचे नुकसान होते.

पक्षी : भिगवण परिसरात हिवाळ्यात व उन्हाळ्यात येणारे रोहित पक्षी चोचीतील गाळणीने उथळ पाण्यातील व चिखलातील सूक्ष्म जीव खातात. पाण्याची पातळी व प्लवकांचे प्रमाण यांचा त्यांच्या वावराशी संबंध असतो.

आरोग्य : सायक्लॉप्सच्या खाण्याच्या सवयीमुळे पूर्वी महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत नारू हा रोग पसरत असे. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की नारूच्या अळ्या पाण्यात सुटत. वळवळणाऱ्या अळ्या सायक्लॉप्स खाई आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात नारू वाढे. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद करणे व सायक्लॉप्सचे नियंत्रण या उपायांनी ही साखळी तोडण्यात आली. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. याच गटातील मेसोसायक्लॉप्स डासांच्या नवजात अळ्या खातात. व्हिएतनाममध्ये साठवणीच्या पाण्यात ते सोडून डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचे नियंत्रण करण्यात आले आहे.

पाण्याची गुणवत्ता : पुण्यातील सांडपाण्यावर प्रक्रिया वाढवण्यासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेअंतर्गत, जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाहाय्याने मुळा-मुठा नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्प हाती घेण्यात आला. शिरूर व दौंड तालुक्यांतील भीमाकाठच्या गावांना नदीच्या वरच्या भागातील सांडपाणी-व्यवस्थेचा परिणाम थेट जाणवतो. पाण्यातील पोषकद्रव्ये मर्यादित राहिली आणि मोठ्या जलपिसवा टिकल्या, तर त्या शैवल गाळून पाणी काही प्रमाणात नितळ ठेवतात. पोषकद्रव्यांचा भार फार वाढल्यावर मात्र हे नैसर्गिक नियंत्रण अपुरे पडते. अशा पाण्यात केवळ प्राणिप्लवक सोडल्याने सुधारणा होत नाही, पोषकद्रव्यांचा स्रोतच कमी करावा लागतो.

हेही पाहा

भीमा नदी
घोड नदी
मुळा-मुठा नदी
उजनी धरण
प्लवक
सुपोषण
नारू